पबबाहेरचा खाण्याचा स्टॉल : हिशेब, मांडणी आणि रोजचं काम

पबच्या किंवा रेस्टॉरंटच्या अंगणात स्टॉल लावायचं ठरलं की बहुतेक मालक पहिल्यांदा मेनू लिहायला बसतात. चूक तिथेच होते. आधी मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलं काढा आणि तासांप्रमाणे मांडा. कुठल्या वारी, कुठल्या तासाला बारवर माणसं आहेत पण किचनची ऑर्डर नाही? कुठल्या तासाला टेबलं भरल्यामुळे लोक दारातून परत जातात? आणि कुठल्या तासाला दुसरा ग्लास संपवून लोक बिल मागतात, कारण भूक लागलेली असते आणि आत जेवायला बसण्याचा बेत नसतो? स्टॉल या तीन वेळांसाठी असतो. यातली एकही वेळ कागदावर दिसत नसेल, तर स्टॉल आतल्याच गिऱ्हाइकाला बाहेर उभं करून स्वस्तात जेवू घालेल.

आधी आकडे

एका प्लेटची विक्री किंमत कर वगळून १०० धरू. कच्चा माल ३०, पॅकिंग ६, कार्ड पेमेंटचं कमिशन २, वाया जाणारा माल ४. हातात उरतात ५८. आता संध्याकाळचा ठरलेला खर्च : दोन माणसांचे सहा-सहा तास (चार तास विक्री, एक तास मांडामांड, एक तास आवराआवर), गॅस, वीज, परवान्याचा आणि सामानाच्या झिजेचा त्या दिवसाचा वाटा. हे सगळं मिळून २,६०० होत असेल, तर २,६०० भागिले ५८, म्हणजे ४५ प्लेट विकल्या की स्टॉल बरोबरीत (ना नफा, ना तोटा) आला, असं वाटतं.

पण हा हिशेब अर्धाच आहे. स्टॉलवर खाणाऱ्या दहांपैकी तिघं एरवी आत बसून जेवले असते, असं समजा. आतल्या एका ताटामागे १२० उरत असतील, तर दर दहा प्लेटमागे ३६० बुडाले. स्टॉलवर दहा प्लेटचे ५८० मिळाले, त्यातून ३६० वजा जाता राहिले २२०. म्हणजे एका प्लेटमागे फक्त २२, आणि बरोबरी ४५ वरून एकदम ११९ प्लेटवर गेली. दोन माणसांच्या स्टॉलवर चार तासांत ११९ प्लेट निघतात, पण तेवढं गिऱ्हाईक जमवताना घाम फुटतो.

आता तिसरी ओळ. खाणं हाताशी मिळालं म्हणून दहांपैकी चौघांनी एकेक ग्लास जास्त घेतला आणि ग्लासमागे ७० उरले, तर २८० परत आले. आता दहा प्लेटमागे ५०० उरतात आणि बरोबरी ५२ प्लेटवर येते. स्टॉलची कमाई स्टॉलच्या गल्ल्यात कमी आणि बारच्या गल्ल्यात जास्त दिसते. म्हणून स्टॉलचा हिशेब कधीही एकटा लिहू नये. आतली ताटं, बारची विक्री आणि स्टॉल असे तीन रकाने एकाच पानावर हवेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच राहतं.

स्वतःचा स्टॉल की बाहेरचा विक्रेता

ज्या पबला किचनच नाही, त्याने स्वतः तवा मांडण्याआधी बाहेरच्या विक्रेत्याला जागा देऊन बघावं. भांडवल लागत नाही, आतलं ताट बुडण्याचा प्रश्न नाही, आणि माणसं टिकून राहिली तर बारचा फायदा पूर्ण तुमचा. अशा वेळी विक्रेत्याकडून सुरुवातीलाच मोठा टक्का मागू नये. टक्का फार ओढला की तो प्लेट लहान करतो किंवा किंमत चढवतो, आणि नाव तुमच्या जागेचं खराब होतं. पहिले काही आठवडे नाममात्र भाडं ठेवा, बारचा गल्ला किती हलला ते पाहा, मग बोला.

करार एका पानाचा असला तरी पुढच्या गोष्टी त्यात लिहून घ्या : वीज आणि पाणी कोणाचं, कचरा आणि वापरलेलं तेल कोण नेणार, विमा कोणाचा, पेयं विकायची नाहीत (पाण्याची बाटलीसुद्धा), पावसाचा अंदाज असेल तर यायचं की नाही हे दुपारी किती वाजेपर्यंत ठरवायचं, आणि तो आलाच नाही तर काय. शेवटचं कलम सगळे विसरतात. 'आज स्टॉल आहे' म्हणून जाहीर केलेल्या दिवशी स्टॉल नसणं हे स्टॉल कधीच नसण्यापेक्षा वाईट.

ज्याच्याकडे चालतं किचन आहे, त्याने मात्र स्वतःचाच स्टॉल काढावा. खरेदी, फ्रीज आणि प्रेपची (पूर्वतयारीची) माणसं आधीच असतात. बाहेरचा विक्रेता आणला तर आतला शेफ आणि तो एकाच गिऱ्हाइकासाठी भांडत राहतात.

परवाने

नियम जागोजागी वेगळे असले तरी विचारायचे प्रश्न तेच. खाद्यपदार्थांचा परवाना किंवा नोंदणी बाहेरच्या स्वयंपाकाला लागू होते का? जागा तुमची आहे की पदपथाची? मद्यपरवाना बहुतेक ठिकाणी ठरावीक हद्दीपुरता असतो, त्या हद्दीत अंगण येतं का? तात्पुरता मांडव आणि उघडी आग यांसाठी अग्निशमन विभागाची अट काय? विमा कंपनीला लेखी कळवलं का? शेवटचा प्रश्न टाळला तर आगीनंतरचा दावा अडकू शकतो. ही कागदपत्रं सामान घेण्याआधी करा, नंतर नाही. तवा परत करता येत नाही.

जागा कशी ठरवायची

तव्याची बाजू रस्त्याकडे असावी, म्हणजे वास आणि वाफ बाहेर जाऊन काम करतील. पण ऑर्डर घेण्याची आणि प्लेट देण्याची जागा अंगणाच्या आतल्या बाजूला हवी, म्हणजे खायला आलेला माणूस बारजवळून जाईल. आडवे वारे कुठून येतात ते संध्याकाळी, खऱ्या वेळेला उभं राहून पाहा. अगरबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघितलं तरी पुरतं. तो शेजाऱ्याच्या खिडकीत जात असेल तर जागा बदला. तक्रार आल्यावर बदलण्यापेक्षा हे सोपं.

रांगेला जागा लागते. एका माणसाला रांगेत ६० ते ७० सेंटिमीटर धरा, म्हणजे २० माणसांची रांग १२ ते १४ मीटर झाली. ती मुख्य दारावरून, बारच्या रांगेतून किंवा आणीबाणीच्या वाटेवरून जाता कामा नये. शेजारून चालणाऱ्यांसाठी किमान दीड ते दोन मीटर मोकळे ठेवा.

आता या रांगेकडे बारच्या नजरेने पाहा. एका ऑर्डरला ४५ सेकंद लागत असतील आणि पुढे २० जण असतील, तर शेवटचा माणूस १५ मिनिटं रांगेत उभा आहे, बहुधा रिकाम्या ग्लासासह. रांग सोडली तर नंबर जातो, म्हणून तो बारवर जात नाही. लांब रांग पाहून मालक खूश होतो आणि त्याच वेळी बारची विक्री पडत असते. उपाय सोपा आहे : ऑर्डर आणि पैसे आधी, नंबरचं टोकन हातात, आणि प्लेट सात-आठ मिनिटांनी वेगळ्या खिडकीवर. त्या सात-आठ मिनिटांत माणूस बारकडे वळतो. स्टॉलच्या मांडणीत एवढी एकच गोष्ट नीट जमली तरी वर धरलेले दहातले चार ग्लास आवाक्यात येतात. नंबर मोठ्या अक्षरात दिसेल असा बोर्ड हवा. ओरडून नंबर पुकारणं गर्दीच्या आवाजात चालत नाही.

मेनू

तीन मुख्य पदार्थ, एक सोबतचा पदार्थ, बस. त्यात एक तरी शाकाहारी. प्रत्येक पदार्थ या चाळण्यांतून जायला हवा : एका हाताने खाता येतो (दुसऱ्या हातात ग्लास आहे), शेवटची जुळवणी एका मिनिटाच्या आत होते, दहा मिनिटं थांबला तरी मऊ पडत नाही, त्याचा बहुतांश माल आतल्या किचनमध्ये आधीपासूनच येतो, आणि तरीही तो आतल्या मेनूवर त्याच रूपात नाही. आतलाच पदार्थ बाहेर कमी किमतीत ठेवला की वर मोजलेले दहातले तीन लगेच पाच-सहा होतात.

तळलेल्या पदार्थाला बंद डबा देऊ नका. वाफ आत कोंडते आणि कुरकुरीतपणा दोन मिनिटांत जातो. उघडा कागदी ट्रे किंवा बाजूला भोकं असलेला डबा घ्या.

शेंगदाणे, तीळ, दूध, अंडं, गव्हाचं ग्लूटेन, मासे, कोळंबी यांपैकी कशात काय आहे ते पाटीवर लिहा. एकाच फ्रायरमध्ये मासा आणि बटाटा तळत असाल, तर बटाटा 'शाकाहारी' किंवा 'मासामुक्त' म्हणून विकता येत नाही.

सामान आणि त्याची क्षमता

क्षमता तोंडाने सांगू नका, मोजा. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या तव्यावर ११ सेंटिमीटर व्यासाच्या पॅटी एका वेळी १५ बसतात. एक फेरी सहा मिनिटांची धरली तर तासाला १५०. प्रत्यक्षात खरवडणं, उलटणं आणि तवा पुन्हा तापणं यांत वेळ जातो, म्हणून ६० टक्के, म्हणजे ९० धरा.

आठ लिटरच्या फ्रायरमध्ये साधारण सव्वासात किलो तेल बसतं. तेलाच्या वजनाच्या सहाव्या भागापेक्षा जास्त माल एका वेळी टाकू नये, म्हणजे सुमारे १.२ किलो बटाटा. २०० ग्रॅमची प्लेट धरली तर एका घाण्यात सहा प्लेट. घाईत दोन किलो टाकला की १८० अंशांवरचं तेल धाडकन खाली येतं, बटाटा तळला जाण्याऐवजी तेल पितो आणि वेळही जास्त लागतो. गर्दीच्या वेळी मोठा घाणा टाकून काहीच वाचत नाही. मीठ फ्रायरवर नाही, बाजूच्या परातीत टाका, कारण मीठ तेलात पडलं की तेल लवकर खराब होतं.

विजेचा हिशेब कागदावर करा. २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरच्या एका लाइनवर ३,६८० वॉटच मिळतात. ३,००० वॉटचा पाण्याचा बॉयलर आणि १,२०० वॉटचं बेन-मरी (शिजलेलं अन्न गरम पाण्यावर गरम ठेवणारं भांडं) एकत्र लावलं की ४,२०० झाले, आणि ऐन आठ वाजता सगळं अंधारात. फ्रीज सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतो, म्हणून त्याला वेगळी लाइन द्या. बाहेरच्या जोडण्या पाणी उडालं तरी चालतील अशा (संरक्षणाची श्रेणी किमान आयपी ४४), आणि लाइनवर ३० मिलीअँपिअरचा गळती-रक्षक स्विच (वीज गळली की लाइन तोडणारा) हवाच. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भार आल्यावर आतल्या आत तापते आणि वितळते. रीळ स्टॉलमागे ताडपत्रीखाली असते, त्यामुळे वास येईपर्यंत कोणाला कळत नाही.

गॅस : सहा किलोवॉटचा बर्नर पूर्ण चालला तर तासाला जवळपास अर्धा किलो एलपीजी जाळतो. पाच तासांना अडीच किलो धरून सिलेंडर ठेवा. एलपीजीत मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन हे दोन वायू असतात. थंडीत ब्यूटेन जास्त असलेला सिलेंडर दगा देतो, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं थांबवतो. प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत होत राहतो. लहान सिलेंडरवर मोठे बर्नर लावले की बाहेरून दव किंवा बर्फ धरतं आणि ज्योत मंदावते. त्यावर गरम पाणी ओतू नका, मोठा सिलेंडर घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला की जमिनीलगत पसरतो आणि गटारात, तळघराच्या खिडकीत उतरतो. सिलेंडर उभा, मांडवाबाहेर, अशा खळग्यांपासून लांब ठेवा. दर वेळी जोडल्यावर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात का पाहा. पाऊस आला म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री सोडून आत बर्नर चालवणं सगळ्यांत धोक्याचं. कोंडलेल्या जागेत बर्नरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

तेलाच्या आगीवर पाणी कधीच नाही. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,७०० पट फुगतं आणि जळतं तेल मांडवभर उडवतं. वेट केमिकलचा (तेलाच्या आगीसाठीचा) अग्निशामक आणि आगीचं ब्लँकेट हाताशी हवं, पण फ्रायरच्या मागे नको. आग लागल्यावर हात तिथवर पोचत नाही.

मांडव तीन बाय तीन मीटरचा पुरे. वारा ताशी ३६ किलोमीटर झाला की दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोचा दाब येतो. नऊ चौरस मीटरच्या छतावर तो ५५ किलोच्या घरात जातो, आणि वारा दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून प्रत्येक पायाला किमान २५ किलो बांधा, पट्ट्याने आणि घट्ट. टांगती पाण्याची बाटली शोभेची वस्तू आहे. झोत ताशी ३५-४० किलोमीटरवर गेले की मांडव उतरवायचा, आणि हा निर्णय कोण घेणार ते आधी ठरलेलं असावं. छतावर पाणी साचू देऊ नका. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो वजन.

स्वच्छता आणि तापमान

थंड माल ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम ठेवलेला ६३ च्या वर, शिजताना मधोमध ७५. पाच ते त्रेसष्टच्या मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि अनुकूल उबेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का, ते आठवड्यातून एकदा पाहा. बेन-मरी थंड माल तापवण्यासाठी नसतं. त्यात फ्रीजमधली ग्रेव्ही थेट ओतली तर तासभर ती धोक्याच्या पट्ट्यातच राहते. आत गॅसवर उकळून मग बाहेर आणा.

हात धुण्याची वेगळी सोय लागते : नळ असलेला २० लिटरचा थर्मास-ड्रम, साबण, कागदी रुमाल, आणि खाली सांडपाण्याचा डबा. हा डबा स्वच्छ पाण्याच्या ड्रमपेक्षा मोठा असावा, नाहीतर तो भरून वाहतो आणि माणसं हात धुणं सोडून देतात. पैसे घेणारा हात खाण्याला लागू नये.

एक संध्याकाळ, घड्याळाप्रमाणे

विक्री ६ ला सुरू होणार असेल तर :

दुपारी ३ ला आतल्या किचनमध्ये कापाकापी, वजन करून भाग पाडणं, सॉस बाटल्यांत. बाहेर सुरी चालवायची वेळ येऊ नये. अंदाजे विक्रीच्या ८० टक्के माल बाहेरच्या थंड पेट्यांत, उरलेला आतल्या फ्रीजमध्ये. ५ ला मांडव, वजनं, वीज. ५:१५ ला गॅस जोडून साबणाची तपासणी. ५:३० ला तवा आणि तेल तापायला. ५:४५ ला प्रत्येक पदार्थाची एक प्लेट बनवून वजन करा आणि ती स्टाफने खावी. भाग मोठे होत चाललेत का ते इथेच कळतं. ३० ग्रॅमची सढळ मूठ शंभर प्लेटमध्ये तीन किलो माल खाते.

तासाला ६० प्लेटपर्यंत दोन माणसं पुरतात, त्यापुढे तिसरा लागतो. तिसरा घ्याल तेव्हा तो तव्यावर नको, पैसे आणि टोकनवर ठेवा. बहुतेक स्टॉलवर अडतं ते तिथे.

विक्री बार बंद होण्याच्या तासभर आधी थांबवा. उरलेल्या मालासाठी 'शेवटची स्वस्त प्लेट' रोज केली, तर लोक त्या वेळेची वाट पाहू लागतात. तेल ५० अंशांखाली आल्यावरच गाळा, थंड डब्यात भरा, गटारात नाही. गरम उरलेला माल ठेवायचाच असेल तर उथळ ट्रेमध्ये पसरून दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ पर्यंत आला पाहिजे. जमत नसेल तर टाकून द्या आणि किती टाकलं ते वजन करून लिहा.

चाचणी आणि थांबण्याची रेषा

एकाच वाराच्या आठ संध्याकाळी घ्या. एक आठवडा स्टॉल, एक आठवडा नाही. सलग आठ वेळा लावला तर वाढ स्टॉलमुळे झाली की हवा चांगली होती म्हणून, ते कळत नाही. दर संध्याकाळी सहा आकडे लिहा : विकलेल्या प्लेट, टाकलेला माल, आतली ताटं, बारची एकूण विक्री, आलेली माणसं, आणि गर्दीच्या वेळी ऑर्डर ते प्लेट लागलेला वेळ. बारची विक्री माणसांनी भागा. आलेली माणसं वाढली आणि माणशी विक्री तीच राहिली, तरी चालतं. माणसं तेवढीच आणि आतली ताटं कमी, तर स्टॉल घरातलंच खातोय. अशा वेळी किमती हलवण्याआधी वेळ हलवा : आतल्या किचनच्या गर्दीच्या तासात स्टॉल बंद ठेवून फक्त आधीच्या आणि नंतरच्या तासांत चालवून पाहा.

चाचणी सुरू करण्याआधीच एक आकडा भिंतीवर लावा : स्टॉलच्या चार संध्याकाळींची तिन्ही रकान्यांची मिळून सरासरी शिल्लक, ठरलेला खर्च वजा करून, स्टॉल नसलेल्या चार संध्याकाळींपेक्षा किती जास्त हवी. त्याच्या खाली गेलं तर तवा विकून जागेवर दोन टेबलं टाका.